नाव वर आणणं

माझ्या वडिलांचं नाव कसं छापायचं, एवढंच लेलँड टॅकेटला विचारायचं होतं. बाबांना जाऊन एक दिवस झाला होता. गुरुवारची सकाळ होती, आणि लेलँडच्या अंत्यविधीगृहाच्या ऑफिसात माझ्यापुढची कॉफी गार होत चालली होती.

मी त्याला चिठ्ठी दिली. ट्रकच्या कागदपत्रांमध्ये ती मला सापडली होती, बाबांच्या टोकदार अक्षरातली. 'आर्व्हेल डीन स्टिल्टनर. १९३१, आणि पुढचं जे असेल ते साल. कार्डावर एवढंच. दगडावर एवढंच. बाकी काही नाही.'

लेलँडने ती दोनदा वाचली. "नेल्डा, टोपणनाव राहिलं की."

"राहिलेलं नाही. नको म्हणालेत."

"अगं, पण मग लोकांना कळणार कसं कोण गेलं ते?"

"लेलँड, त्र्याहत्तर वर्षं ते याच खोऱ्यात राहिले."

"तेच तर म्हणतोय मी," तो म्हणाला; पण मेलेल्या माणसाच्या चिठ्ठीशी वाद घालायचा नाही हा त्याच्या धंद्याचा नियम असावा. त्याने चिठ्ठीबरहुकूम कार्डं छापली आणि दुपारी पोस्टाच्या, किराणा दुकानाच्या आणि बँकेच्या दारावर चिकटवून आला. शुक्रवारी दोन ते सहा दर्शन, शनिवारी अकराला दफन.

बेकर फोर्कच्या खोऱ्यात खाणीत उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला दोन नावं असतात. एक बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं, ते सरकारसाठी आणि आईसाठी. दुसरं खाली मिळालेलं. दुसऱ्या नावाचे कायदे कडक. ते जमिनीखालीच द्यायचं, वर नाही. ज्याला मिळालं त्याला ते नाकारता येत नाही. आणि ते का मिळालं हे तो जिवंत असेतो वर कुणाला, अगदी त्याच्या बायकोलाही सांगायचं नाही. माणूस गेला, की ज्याने नाव दिलं तो शवपेटीपाशी उभा राहतो. घरच्यांपैकी एकाने म्हणायचं, "आणा वर." मग तो ती हकिकत सांगतो. जे तिथे हजर होते त्यांनी मध्येच तोडून चूक दुरुस्त करायची, हाही कायदाच. ह्याला नाव वर आणणं म्हणतात. ते झालं की नाव दगडावर कोरलं जातं. ज्याचं वर आणायला कुणी उरलं नाही, त्याचा दगड नुसताच राहतो, आणि जुने लोक त्या दगडापुढून जाताना जीभ टाळ्याला लावून चुकचुकतात.

मी नऊ वर्षांची असताना 'अंब्रेला' हर्लीचं नाव वर आलं होतं. पाणी ठिबकणाऱ्या बोगद्यात त्याने बायकोची चर्चला न्यायची छत्री पाठीला बांधून सात आठवडे कोळसा काढला होता. छत्रीला झालर होती. हे ऐकून त्याची विधवा शवपेटीवर हात आपटून हसली आणि म्हणाली, "ती ट्रेनमध्ये हरवली म्हणून सांगितलंस रे मला!" पुढे मी ओहायोत जाऊन ग्रंथपाल झाले. शब्द कुठून आले ते सांगणारी जाडजूड पुस्तकं माझ्या हाताखालून गेली. त्यांत 'बहुधा' असतं, 'असावा' असतं. आमच्याकडे शब्दाचा साक्षीदार उठून उभा राहायचा.

खाणीतली सगळी भाषाच तशी होती. जेवायला बसायच्या कोपऱ्याला 'जेवणाचं भोक' म्हणायचे. छतात अडकलेला दगडी झाडाचा गोल बुंधा न सांगता-सवरता डोक्यावर येतो, त्याला 'किटलीचं बूड'. तो बुंधा तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलातला असतो हे मी पुढे वाचलं. ज्याने माणूस मरतो त्याला स्वयंपाकघरातलं नाव देणारे हे लोक. त्यांच्याविषयी मला लहानपणापासून एक आदरयुक्त धाक वाटत आला आहे.

बाबांचं खालचं नाव होतं 'पीचेस'.

रस्त्यात माणसं त्यांना त्या नावाने हाक मारत, आणि ते न थांबता मान हलवत. आमच्या घरात ते नाव कुणी उच्चारत नसे. पाकातल्या पीचचा डबाही कधी घरात आला नाही. दहाव्या वर्षी मी एकदा जेवताना विचारलं होतं. त्यांनी काटा खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जेव." ते चिडखोर नव्हते, पण त्यांच्याशी गप्पा होत नसत. आणि ते खोटं बोलत नसत. म्हणजे इतरांसारखं बेताचंही नाही. शाळेच्या कार्यक्रमात मी गायले तेव्हा आई म्हणाली, छान झालं, बाबा म्हणाले, "दोन ठिकाणी घसरलीस." मरायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, बरं वाटतंय का? "नाही," ते म्हणाले.

शुक्रवारी दोन वाजता लेलँडने दार उघडून ठेवलं. आई निळ्या पोशाखात पहिल्या रांगेत बसली. चर्चच्या बायकांनी हॅमचे सँडविच आणि बटाट्याचं सॅलड पाठवलं होतं, पण त्या स्वतः शनिवारी येणार होत्या. तीन वाजले. आईची एक चुलत बहीण येऊन गेली. साडेतीन वाजले. इतर वेळी खाणवाल्याच्या दर्शनाला रांग रस्त्यापर्यंत जाते, आणि हे लोक काही दुरावलेले नव्हते. मी दर उन्हाळ्यात येत होते. बाबांना येता-जाता थांबवणारे हात मी पाहिले होते.

"कोणी नाही आलं," मी शेवटी म्हटलं.

"दिसतंय मला," आई म्हणाली.

चार वाजता मी पाय मोकळे करायला बाहेर पडले. पोस्टाच्या दारावर कार्ड होतं, नीट, सरळ चिकटवलेलं. पलीकडे न्हाव्याच्या दुकानात नेहमीची दोन डोकी दिसली, म्हणून मी आत गेले. खुर्चीत अर्ध्या गालाला फेस लावलेला ऑडी प्रेटर होता, ज्याला सगळे 'विंडो' म्हणतात. बाकावर रॉस्को टॉलिव्हर, म्हणजे 'गुडमॉर्निंग'. त्याच्या पायाशी चाकं लावलेलं ऑक्सिजनचं नळकांडं होतं, कुत्रं बसवावं तसं. दोघंही ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे.

"आली बघ ओहायोची मॅडम!" विंडो आरशातूनच ओरडला. "किती दिवस आहेस? पीचेस कसाय? दोन आठवडे झाले, दिसला नाही. त्याला म्हणावं, घरात बसून राहिलास तर तुझी खुर्ची या काळ्या बोक्याला देईन."

"खुर्ची माझीच आहे," गुडमॉर्निंग म्हणाला. "त्याला मी उसनी दिलीय."

"मिस्टर प्रेटर," मी म्हटलं, "तुम्ही कार्ड नाही वाचलं?"

"मिस्टर प्रेटर कोण? माझा बाप. कुठलं कार्ड? ते आर्व्हेल स्टिल्टनरचं? वाचलं की. तो पलीकडच्या खोऱ्यातला जुन्या गाड्या विकणारा ना? बरं झालं, सुटलो. त्याने मला विकलेला ट्रक घरी पोचायच्या आधी मेला होता."

न्हावी हसला. गुडमॉर्निंग हसला नाही. तो माझ्या काळ्या पोशाखाकडे बघत होता.

"विंडो," तो हळू म्हणाला, "गप."

एकाच खोऱ्यात, एकाच बोगद्यात बत्तीस वर्षं काम केलेल्या या दोघांना माझ्या वडिलांचं बायबलमधलं नाव ठाऊक नव्हतं. मी ते नाव छापून घेतलं होतं आणि दुसऱ्याच माणसाला मारून ठेवलं होतं. आता मला सांगायचं होतं, आणि आजवर एकदाही न उच्चारलेल्या शब्दाशिवाय ते सांगता येत नव्हतं.

"पीचेस गेले," मी म्हटलं. "बुधवारी पहाटे."

विंडोने गळ्याभोवतीचा कपडा काढला आणि उठला. न्हावी म्हणाला, "अरे, अर्धी राहिलीय." "राहू दे," विंडो म्हणाला, आणि अर्धा गाल तसाच ठेवून दाराबाहेर पडला. गुडमॉर्निंगने नळकांड्याचा दांडा धरला. मी हात पुढे केला तर म्हणाला, "पोरी, हे मला ओढतं, मी त्याला नाही." न्हाव्याने दुकानाला कुलूप घातलं, आणि जाता जाता किराणा दुकानाच्या दारात डोकं घालून एवढंच ओरडला, "पीचेस गेला रे!"

आम्ही चौघं लेलँडच्या पायऱ्यांपाशी पोचेस्तोवर मागून ट्रकची दारं आपटल्याचे आवाज यायला लागले होते.

विंडो आत जाऊन शवपेटीपाशी उभा राहिला. बाबांच्या कोटाची बाही त्याने दोन बोटांनी नीट केली. मग वळून आईकडे गेला. "वर्ना, माफ कर. आम्ही त्या कार्डाकडे बघून हसलो."

"नेल्डाने त्याच्या सांगण्यावरूनच छापलं," आई म्हणाली. "बस, ऑडी. तोंडाला फेस लागलाय तुझ्या."

त्याने बाहीने गाल पुसला, बसला मात्र नाही. खोली भरत होती. माणसं टोप्या काढून भिंतीला लागून उभी राहत होती आणि सगळी विंडोकडेच बघत होती, कारण पीचेस हे नाव त्याने दिलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. विंडो मात्र माझ्याकडे बघत होता.

"पोरी, एक पेच आहे," तो म्हणाला. "गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला तुझ्या बापाने मला बाहेर पोर्चवर नेलं आणि शब्द मागितला. म्हणाला, विंडो, माझं नाव वर आणू नकोस. खालीच राहू दे. मी कधी असा शब्द दिला नव्हता कुणाला. दिला."

"का नको म्हणाले?"

"ते सांगायचं तर नावच वर आणावं लागेल."

मी पर्समधून चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली. त्याने वाचली, गुडमॉर्निंगला दिली. गुडमॉर्निंगने वाचून मान हलवली. "माणूस दगड झाला तरी हट्ट सोडायचा नाही."

"कायदा काय सांगतो?" मी विचारलं.

"कायदा सांगतो, घरच्यांनी 'आणा वर' म्हटलं तर आणायचं. शब्द सांगतो, नाही. आजवर दोन्ही एकमेकांच्या आड कधी आले नाहीत." विंडोचा आवाज खाली आला. "आणि आता मी आणि हा, दोघंच उरलोय. आमच्यामागे सांगायला कोणी नाही. आज राहिलं तर राहिलंच."

मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे नको बघूस. चिठ्ठी तुला सापडली."

आयुष्यभर मी त्यांचं ऐकत आले होते, कारण त्यांनी सांगितलेलं कधी खोटं निघालं नव्हतं. त्यांची शेवटची इच्छा माझ्या हातात होती, स्पष्ट अक्षरात. ती पाळायची तर या खोलीतल्या माणसांना घरी पाठवायचं होतं, आणि उद्या जमिनीत एक असा माणूस ठेवायचा होता ज्याच्या नावाने दोन तासांत एकच चुलत बहीण आली होती. मोडायची तर मेलेल्या बापाचा शब्द मोडायचा होता. दोन्हींपैकी काय केलं तर मला पुढे झोप लागेल, याचा मी विचार केला. शिवाय, आणि हे मी लपवत नाही, मला जाणून घ्यायचं होतं.

"आणा वर," मी म्हटलं.

विंडोने डोळे मिटले. मग त्याने पेटीच्या कडेवर हात ठेवला.

"सत्तावन्न सालचा मार्च," तो म्हणाला. "चौथा बोगदा. छत बसलं आणि आम्ही पाच जण मागे राहिलो. हा, मी, रॉस्को, लॅझलो बॉडनार आणि वेंडेल क्लाइन."

आईने मांडीवरची पर्स घट्ट धरली. वेंडेल क्लाइन तिचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांचा. तो खाणीत दगावला, एवढंच मला माहीत होतं.

"वेंडेलचा पाय शिळेखाली होता. हलवता येत नव्हता. चार डबे गाडले गेले, जेवणाचा एकच डबा हाती लागला, याचा. त्यात पाव होता तो पहिल्याच दिवशी संपला. आणि पाकातल्या पीचचा एक टिनचा डबा. हा म्हणाला, डबा मोठा आहे, भरपूर आहे, पण मी वाटणार. दिवे विझवून ठेवलेले. अंधारात हा चमचा घेऊन फिरायचा. प्रत्येकाला एक फोड. तोंड उघड म्हणायचा, चिमणीच्या पिल्लाला भरवावं तसं."

"अर्धी फोड," गुडमॉर्निंग म्हणाला. "पहिल्या दिवसापासून अर्धी. सुरीने कापायचा, मी ऐकलंय."

"अर्धी. दुसऱ्या दिवशी विचारलं, किती राहिलेत? भरपूर, म्हणाला. तिसऱ्या दिवशी फोड बंद झाली. म्हणाला, आता पाक प्या, पाकात जास्त ताकद असते. एक-एक चमचा पाक. गोड. मी शपथेवर सांगतो, गोड होता. मी लॅझलोला म्हणालोसुद्धा, पीच कोणत्या गावचे असतील? लॅझलो तिसऱ्या दिवशी दुपारी चव घेऊन सांगत होता की हे जॉर्जियाचे आहेत."

भिंतीपाशी कोणीतरी हसलं, आणि थांबलं.

"चौथ्या दिवशी फावड्यांचा आवाज आला. भोक पडलं, पलीकडचा दिवा आत आला. मी पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर तो टिन. याच्या मांडीवर होता. त्यात चरातलं पाणी होतं, काळं, वर कोळशाचा थर. पीच दुसऱ्याच दिवशी संपले होते. दोन दिवस हा आम्हाला ते पाणी भरवत होता आणि सांगत होता, भरपूर आहे. आणि आम्ही गोड लागतं म्हणून जगत होतो. तेव्हाच, तिथेच, वर यायच्या आधी मी त्याला म्हणालो, तू आजपासून पीचेस."

"एक राहिलं," गुडमॉर्निंग म्हणाला. त्याला श्वास घ्यायला थांबावं लागलं. "यानं स्वतः एकही फोड खाल्ली नाही."

"हे तू आज सांगतोस? तुला काय माहीत?"

"मी शेजारी होतो. फळ असलेला चमचा दातांवर वाजत नाही. याच्या पाळीला वाजायचा."

विंडो पेटीकडे वळला. सत्तेचाळीस वर्षांत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी बाबांच्या तोंडाकडे पाहत होते, त्या पातळ, मिटलेल्या ओठांकडे. 'दोन ठिकाणी घसरलीस' म्हणणारा माणूस दोन दिवस सलग, दर काही तासांनी, चार तोंडांना खोटं भरवत होता, आणि त्याच्या तोंडून निघालेलं म्हणून पाणीही गोड लागलं होतं.

"मग यात लाज कसली?" मी विचारलं. "वर आणू नका असं का म्हणाले?"

विंडोने आईकडे पाहिलं. आईच बोलली.

"वेंडेलमुळे. मला सांगितलंय आर्व्हेलने. लग्नाचं विचारायला आला त्याच दिवशी. म्हणाला, वर्ना, मी तुझ्या भावाशी खोटं बोललो. मी म्हटलं, कशाबद्दल? म्हणाला, पीचबद्दल. मी हसले. देव मला क्षमा करो, मला हसू आलं. आठवडाभर बोलला नाही माझ्याशी." तिने नाक पुसलं. "वेंडेल आपली फोड घेत नव्हता. म्हणायचा, भरपूर आहेत ना, मग माझी दुसऱ्याला दे, मी नंतर खाईन. आर्व्हेलचं म्हणणं, मी खरं सांगितलं असतं तर पोराने खाल्ली असती."

"डॉक्टर म्हणाला होता, आतून रक्त जात होतं," विंडो म्हणाला. "पीचची अख्खी बाग दिली असती तरी—"

"त्याला सांगून बघायचं होतंस."

"सांगितलं. दरवर्षी सांगितलं."

मी चिठ्ठी परत हातात घेतली. एवढंच. बाकी काही नाही. डोंगरावरच्या दफनभूमीत वेंडेलमामाचा दगड कसा आहे ते मला आठवलं. बाबा दर रविवारी चर्चनंतर ब्रश घेऊन तो घासायचे. नाव, दोन सालं, बाकी काही नाही. त्यांना स्वतःसाठी त्यापेक्षा एक अक्षर जास्त नको होतं.

"वेंडेलमामाला खालचं नाव का नाही?" मी विचारलं.

दोघं म्हातारे एकमेकांकडे बघू लागले.

"आहे," गुडमॉर्निंग म्हणाला.

आई उठून उभी राहिली.

"आहे, वर्ना. विंडोनेच दिलं, खालीच. पण नाव पेटीपाशी वर आणायचं असतं. त्याला पुरलं तेव्हा आम्ही चौघं हॉस्पिटलात पडलो होतो. आणि मी धडधाकट असतो तरी, काळा माणूस म्हणून, तेव्हा तुमच्या गोऱ्यांच्या दफनभूमीच्या कुंपणाबाहेरच उभा असतो. वेळ गेली. कायदा म्हणतो, पेटीपाशी. पेटी तर जमिनीत गेली. पीचेसला मी कितीदा म्हणालो, चल, आपण सांगू वर्नाला. तो म्हणायचा, मी नाही, माझं तोंड नाही."

"आज पेटी आहे," आई म्हणाली. तिचा आवाज शाळेत शिकवताना मुलं गप्प करायला काढायची तसा होता. "ही आर्व्हेलची आहे. तो काही बोलणार नाही. सांगा."

विंडोने माझ्याकडे पाहिलं नाही. या नावाला माझी परवानगी लागत नव्हती.

"रेडिओ," तो म्हणाला. "त्याचं नाव रेडिओ."

आई खाली बसली.

"त्याला झोपू द्यायचं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, पोरा, काहीतरी बोल. तर त्याने बेसबॉलचा सामना सुरू केला. डोक्यातून. एका बाजूला आम्ही पाच जण आणि चार खेचरं, दुसऱ्या बाजूला खाणीचे सगळे साहेब. प्रेक्षकांचा आवाज तोच, शेंगदाणेवाला तोच, मधल्या साबणाच्या जाहिराती तोच. साहेबांच्या मुख्य मॅनेजरला लॅझलो बाद करून त्याची माफी मागतोय, मागतच राहतोय. तिथून त्याचं नाव सॉरी पडलं. पाय शिळेखाली, आणि आम्ही हसून हसून रडतोय. माझं नाव नंतर वर आणायला कोण उरणार, म्हणून आजच सांगतो: मी खडूने शिळेवर खिडकी काढली, कारण त्याने सांगितलं की तिकीट नसलेल्यांनी निदान खिडकीतून बघावं. दिवसातून एकदा अर्धा मिनिट दिवा लावायचा आणि सगळ्यांनी त्या खिडकीतून मैदान बघायचं. मी बघितलंय, वर्ना. गवत हिरवं होतं."

"आणि मी?" गुडमॉर्निंग म्हणाला. "सोडवायला आलेल्या पहिल्या माणसाला मी गुड मॉर्निंग म्हटलं, दुपारचे चार वाजले होते. सगळ्यांना वाटतं, मला वेळ कळत नव्हती. तसं नाही. रेडिओच्या सामन्यात सकाळ होती."

म्हणजे ही सगळी नावं एकाच अंधारातून आली होती. रस्त्यावर ऐकत मी लहानाची मोठी झाले, ती हसरी, पोरकट नावं. पाच माणसं बायबलमधली नावं घेऊन खाली गेली होती, आणि चार जण नवी नावं घेऊन वर आले. पाचवं नाव त्यांनी सत्तेचाळीस वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं.

"तिसऱ्या रात्री," विंडो म्हणाला, "की दिवस होता कोण जाणे, तो म्हणाला, 'मंडळी, पाऊस आलाय. खेळ थांबवलाय. कुणी जागा सोडू नका.' आम्ही थांबलो. आम्हाला वाटलं, गंमत करतोय. पाऊस लांबवतोय. पुष्कळ वेळ थांबलो."

त्यापुढे त्याने काही सांगितलं नाही, आणि दुरुस्त करायला कोणी काही बोललं नाही.

थोड्या वेळाने आईने माझ्यापुढे हात केला. मी चिठ्ठी दिली. तिने लेलँडकडून पेन मागून घेतलं, गुडघ्यावर पर्स ठेवून तिच्यावर कागद ठेवला.

"आई, त्यांनी लिहिलंय, बाकी काही नाही."

"वेंडेलपेक्षा जास्त काही नाही, असं म्हणायचं होतं त्याला. अक्षर त्याचं असलं तरी वाचायला मी शिकलेय." तिने बाबांच्या नावाखाली 'पीचेस' लिहिलं. मग त्याखाली भावाचं पूर्ण नाव, आणि त्यापुढे 'रेडिओ'. "दोन्ही दगड एकदम करायचे, लेलँड. एकाच हाताने कोरलेले हवेत."

मी हरकत घेतली नाही. त्यांनी घेतली असती का, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

मग माणसं एकेक करून पेटीपाशी येऊ लागली. प्रत्येकाने एकदा नाव घेऊन हाक मारायची असते. पीचेस. पीचेस. कुणी कुजबुजत, कुणी रस्त्यात भेटल्यासारखं. माझी पाळी आली तेव्हा मीही मारली. दुसऱ्यांदा ते नाव घेणं न्हाव्याच्या दुकानातल्यापेक्षा सोपं होतं.

आई जागेवरच बसून होती. गर्दी जरा कमी झाल्यावर तिने विंडोची बाही ओढली.

"ऑडी, पाऊस आला तेव्हा कोण जिंकत होतं?"

"आपण. सहा-पाच."

"पाच-पाच," गुडमॉर्निंग म्हणाला. "सहावी धाव खेचराची, आणि पंचाने ती दिली नव्हती."

"दिली होती! पंच कोण होता? लॅझलोचा मेव्हणा. तो देणार नाही?"

"लॅझलोचा मेव्हणा साहेबांचा माणूस होता म्हणून तर नाही दिली. रेडिओने स्वच्छ सांगितलं, खेचर वाटेत गवत खायला थांबलं."

"थांबलं, पण पोचलं!"

"कुठलं खेचर?" आईने विचारलं.

"मॉड," दोघं एकदम म्हणाले, आणि विंडो तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. त्याने हवेत बोटाने मैदान काढलं, कोण कुठे उभं होतं ते तिला दाखवू लागला. गुडमॉर्निंग नळकांडं ओढत जवळ आला आणि त्याचं बोट बाजूला सारत म्हणाला, "चूक. पहिल्यापासून सांग."